पक्ष्यांमधील अंतःस्रावी ग्रंथी

पक्ष्यांमधील अंतःस्रावी ग्रंथी म्हणजे आपला स्राव कोणत्याही वाहिनीतून न नेता थेट रक्तात सोडणाऱ्या, पक्ष्यांच्या शरीरातील ग्रंथी होत. या स्रावांना संप्रेरके म्हणतात. पोष, अवटू, परावटू, अल्टिमोब्रँकियल, अधिवृक्क आणि पिनिअल या ग्रंथी, स्वादुपिंडातील द्वीपके आणि जननग्रंथी यांचा त्यांत समावेश होतो. माणूस व इतर सस्तन प्राणी यांच्या शरीरातही बहुतेक याच ग्रंथी असतात. मात्र पक्ष्यांत त्यांची जागा, आतील रचना आणि काही संप्रेरके वेगळी आहेत. यांपैकी काही वैशिष्ट्ये सरीसृप पूर्वजांकडून आलेली आहेत, तर काहींचा संबंध कठीण कवचाचे अंडे घालणे, उड्डाणासाठी सतत ऊर्जा पुरवणे आणि ठरावीक ऋतूतच प्रजनन करणे या गरजांशी जोडता येतो.

या लेखातील बरीच उदाहरणे महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात आढळणाऱ्या पक्ष्यांची आहेत. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात कोरडी माळराने, ज्वारी व उसाची शेते आणि जायकवाडीचा जलाशय असे भिन्न अधिवास आहेत. त्यामुळे स्थानिक आणि स्थलांतरित अशा दोन्ही प्रकारच्या पक्ष्यांच्या ग्रंथींचे ऋतुमानानुसार चालणारे कार्य येथे समजून घेता येते.

अभ्यासाचा इतिहास

अंतःस्रावशास्त्राचा पहिला प्रयोग पक्ष्यावरच झाला असे मानले जाते. जर्मनीतील गोटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी १८४९ मध्ये कोंबड्याच्या पिल्लांची वृषणे काढली. अशा पिल्लांचा तुरा खुंटला आणि आरवणे व झुंजणे थांबले. ज्या पिल्लांच्या उदरपोकळीत वृषण पुन्हा बसवले, त्यांत मात्र तुरा व वर्तन नेहमीप्रमाणे विकसित झाले. बसवलेल्या वृषणाचे मूळचे मज्जातंतू तुटलेले असल्याने त्याचा परिणाम रक्तामार्फतच होत असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला.

१९२५ मध्ये विल्यम रोवन यांनी कॅनडातील आपल्या प्रयोगांवर आधारित निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिवाळ्यातही कृत्रिम दिव्यांनी दिवस लांबवल्यास जंको या लहान पक्ष्यांच्या जननग्रंथी वाढतात, असे त्यांना आढळले होते. १९३३ मध्ये ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतराच्या अन्नपुटावर परिणाम करणाऱ्या पोष ग्रंथीतील संप्रेरकाला प्रोलॅक्टिन हे नाव दिले. भारतात काशी हिंदू विश्वविद्यालयात जे. पी. थापलियाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुगरण व मुनिया यांसारख्या पक्ष्यांच्या ग्रंथी आणि प्रजननचक्राचा अभ्यास केला. विनोद कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात हिवाळा घालवणाऱ्या भारीट पक्ष्यांच्या प्रकाश-प्रतिसादावर संशोधन केले.

पोष ग्रंथी

मेंदूच्या तळाशी, अधश्चेतक या भागाखाली, पोष ग्रंथी असते. तिचे अग्रखंड आणि मज्जाखंड असे दोन भाग पडतात. बहुतेक सस्तन प्राण्यांत या दोहोंमध्ये मध्यखंड असतो. पक्ष्यांत तो नसतो. मध्यखंडात तयार होणारे रंगपेशी-उत्तेजक संप्रेरक पक्ष्यांत अग्रखंडातील पेशीच तयार करतात. पक्ष्यांच्या अग्रखंडाचे पुढचा व मागचा असे दोन स्पष्ट विभाग असून त्यांतील पेशींचे प्रकारही काही प्रमाणात वेगळे असतात.

मज्जाखंडातून सस्तन प्राण्यांत व्हॅसोप्रेसिन आणि ऑक्सिटोसिन ही संप्रेरके स्रवतात. पक्ष्यांत त्यांच्या जागी अनुक्रमे व्हॅसोटोसिन व मेसोटोसिन असतात. व्हॅसोटोसिन मूत्रपिंडातून जाणारे पाणी वाचवते, तसेच अंडे बाहेर टाकताना अंडवाहिनीच्या कवच ग्रंथीचे स्नायू आकुंचित करते. म्हणजे सस्तन प्राण्यांत दोन संप्रेरकांत वाटली गेलेली कामे येथे बऱ्याच अंशी एकच संप्रेरक करते.

अग्रखंडातील प्रोलॅक्टिन सस्तन मादीत दूध निर्माण करते. पक्ष्यांत स्तनग्रंथी नसतात, तरीही हे संप्रेरक पिल्लांच्या संगोपनाशीच निगडित आहे. त्यामुळे अंडी उबवण्याची प्रवृत्ती टिकून राहते. कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी देणे थांबवून खुराड्यात बसून राहते, तेव्हा तिच्या रक्तातील प्रोलॅक्टिन वाढलेले असते. कबूतर व पारवा यांच्या नर आणि मादी दोघांच्याही अन्नपुटाचे अस्तर प्रोलॅक्टिनमुळे जाड होते व त्याच्या झडलेल्या पेशींपासून पिल्लांसाठी 'कपोतदुग्ध' तयार होते. जायकवाडीच्या जलाशयावर येणारे रोहित पक्षीही प्रजननस्थळी आपल्या पिल्लांना अन्ननलिकेच्या वरच्या भागात तयार होणारा असाच पोषक द्रव भरवतात.

अवटू ग्रंथी

माणसात अवटू म्हणजेच थायरॉइड ग्रंथी स्वरयंत्राखाली असून तिचे दोन खंड मधल्या पट्टीने जोडलेले असतात. पक्ष्यांत मात्र दोन वेगळ्या, लंबगोल, लालसर ग्रंथी असतात. त्या मानेच्या मुळाशी, छातीच्या पोकळीच्या तोंडाजवळ, मानेकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना लागून असतात. तुलनेसाठी पाहता कासव व साप यांत अवटू ग्रंथी एकच असते. सूक्ष्म रचना मात्र सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत सारखीच असते: पेशींच्या एका थराने वेढलेली गोल पुटके आणि त्यांत साठवलेला आयोडीनयुक्त द्रव.

अवटू संप्रेरके चयापचयाचा वेग, शरीराची उष्णता आणि पिल्लांची वाढ नियंत्रित करतात. याखेरीज पिसे झडून नवी येण्याशी व प्रजननकाळ संपण्याशी त्यांचा निकटचा संबंध आहे. युरोपीय मैनेची अवटू ग्रंथी काढल्यास दीर्घ दिवस चालू असतानाही तिच्या जननग्रंथी नेहमीप्रमाणे आक्रसत नाहीत. प्रजननाचा हंगाम सुरू करणाऱ्या यंत्रणेइतकीच तो थांबवणारी यंत्रणाही महत्त्वाची आहे, हे या प्रयोगांतून दिसून आले.

कॅल्शियमचे नियमन: परावटू व अल्टिमोब्रँकियल ग्रंथी

अवटूच्या मागील टोकाजवळ दोन्ही बाजूंना लहान, पिवळसर परावटू ग्रंथी असतात. कोंबडीत त्यांच्या दोन जोड्या असून एका बाजूच्या दोन ग्रंथी पुष्कळदा एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्यांचे संप्रेरक रक्तातील कॅल्शियमची पातळी वाढवते. याच्या उलट कार्य करणारे कॅल्सिटोनिन हे संप्रेरक सस्तन प्राण्यांत अवटू ग्रंथीतील विशिष्ट पेशींत तयार होते. पक्ष्यांत त्यासाठी अल्टिमोब्रँकियल ही स्वतंत्र ग्रंथी असते. मासे, उभयचर आणि सरीसृप यांतही ती स्वतंत्रच असते. सस्तन प्राण्यांच्या भ्रूणात मात्र तिच्या पेशी अवटूत सामावल्या जातात. कबुतराच्या अवटूतही अशा काही पेशी आढळतात.

अंड्याच्या कवचामुळे पक्ष्यांत या ग्रंथींवर विशेष भार पडतो. कोंबडीच्या एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते व ते सुमारे २० तासांत कवच ग्रंथीत जमा करावे लागते. हे काम बहुतांशी रात्री, म्हणजे कोंबडी चारा खात नसताना चालते. त्यासाठी मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत अंडी देण्याच्या काळात 'मज्जास्थी' नावाचे तात्पुरते हाड तयार होते. इस्ट्रोजेनच्या प्रभावाने ते बनते आणि परावटू संप्रेरकाच्या प्रभावाने विरघळून कॅल्शियम पुरवते. आहारात कॅल्शियम कमी पडल्यास प्रथम कवच पातळ होते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात.

अधिवृक्क ग्रंथी

अधिवृक्क ग्रंथी मूत्रपिंडांच्या पुढच्या टोकाशी, जननग्रंथींना लागून असतात. त्यांचा रंग पिवळसर ते नारिंगी असतो. पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्यातील सर्वांत ठळक रचनात्मक फरक याच ग्रंथीत दिसतो. सस्तन प्राण्यांत स्टेरॉइड संप्रेरके तयार करणारे बाह्यक बाहेर व ॲड्रेनलिन तयार करणारे मध्यक आत, असे दोन स्पष्ट थर असतात. पक्ष्यांत या दोन्ही प्रकारच्या ऊतकांचे पुंजके एकमेकांत मिसळलेले असतात. सरीसृपांतही बाह्यक व मध्यक असे स्पष्ट थर नसतात.

माणसात ताणाच्या वेळी मुख्यतः कॉर्टिसॉल स्रवते. पक्ष्यांत हे काम कॉर्टिकोस्टेरॉन करते. भक्षकाची चाहूल, उपासमार, अति उष्णता किंवा माणसाचा वावर यांमुळे त्याची पातळी काही मिनिटांत वाढते. थोड्या काळापुरती ही वाढ जीवरक्षक असते. ती दीर्घकाळ टिकल्यास प्रजननाची संप्रेरके दबतात, रोगप्रतिकारशक्ती घटते आणि पक्षी घरटे सोडून जाण्याची शक्यता वाढते.

स्वादुपिंड

पक्ष्यांचे स्वादुपिंड लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळशात असते. त्याचा बहुतांश भाग पाचक रस तयार करतो, तर त्यात विखुरलेली द्वीपके संप्रेरके स्रवतात. पक्ष्यांत या द्वीपकांचे साधारणतः दोन प्रकार ओळखता येतात: एकात ग्लुकॅगॉन तयार करणाऱ्या पेशी अधिक, तर दुसऱ्यात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी अधिक असतात.

पक्ष्यांच्या स्वादुपिंडात ग्लुकॅगॉनचे प्रमाण सस्तन प्राण्यांच्या तुलनेत कितीतरी जास्त असते. त्यांच्या रक्तातील साखरही जास्त असते. निरोगी कोंबडीत ती दर १०० मिलिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर असू शकते. माणसात ही पातळी मधुमेहाचे लक्षण ठरली असती. म्हणून पक्ष्यांच्या रक्ततपासणीला मानवी निकष लावता येत नाहीत. लांबच्या उड्डाणात मुख्य इंधन चरबीचे असते आणि साठवलेली चरबी मोकळी करण्यात ग्लुकॅगॉनचा मोठा वाटा असतो.

जननग्रंथी

नराची दोन्ही वृषणे शरीराच्या आत, मूत्रपिंडांच्या पुढच्या टोकाशी असतात. विणीच्या हंगामात त्यांचे आकारमान अनेक जातींत शेकडो पटींनी वाढते व हंगामानंतर पुन्हा घटते. मादीत भ्रूणावस्थेत दोन अंडाशयांचे मूळ असते, पण बहुतेक जातींत फक्त डावे अंडाशय व डावी अंडवाहिनी पूर्ण विकसित होतात. किवी पक्षी आणि अनेक शिकारी पक्षी याला अपवाद आहेत. शिक्रा व हिवाळ्यात माळरानावर येणाऱ्या भोवत्या यांच्या कुलात दोन अंडाशये आढळतात. कोंबडीचे डावे अंडाशय लहान वयात काढल्यास उजवीकडील अविकसित ग्रंथी वाढू लागते आणि तिची रचना वृषणासारखी होऊ शकते.

बाह्यरूपावरील संप्रेरकांचा परिणाम सर्व जातींत सारखा नसतो. कोंबड्याचा तुरा आणि विणीच्या काळात काळी होणारी चिमण्याची चोच ही टेस्टोस्टेरॉनची कामे आहेत. मोर, कोंबडी व बदक यांच्या गटांत मात्र मादीचा साधा पिसारा इस्ट्रोजेनमुळे येतो. अंडाशय निकामी झाल्यास लांडोरीलाही मोरासारखी पिसे येऊ शकतात. आफ्रिकेतील सुगरण कुलातील काही पक्ष्यांत नराचा विणीचा रंगीत पिसारा वृषणावर नव्हे, तर पोष ग्रंथीच्या पीतपिंडकारी संप्रेरकावर अवलंबून असतो. त्यामुळे पिसाऱ्यावरून संप्रेरकांविषयी अनुमान काढताना जात लक्षात घ्यावी लागते.

पिनिअल ग्रंथी आणि प्रकाशाचे ज्ञान

पिनिअल ग्रंथी मेंदूच्या वरच्या बाजूस, कवटीच्या लगेच खाली असते आणि रात्री मेलॅटोनिन स्रवते. सस्तन प्राण्यांत तिला प्रकाशाची माहिती डोळ्यांमार्फतच मिळते. पक्ष्यांत कवटीतून झिरपणारा प्रकाश तिच्या पेशी स्वतः ओळखू शकतात. १९९४ मध्ये कोंबडीच्या पिनिअल ग्रंथीत पिनॉप्सिन हे प्रकाशसंवेदी प्रथिन सापडले. चिमणीची ही ग्रंथी काढल्यास सततच्या अंधारात तिच्या हालचालींची दैनंदिन लय नाहीशी होते, हे १९६८ मध्ये दाखवण्यात आले. निशाचर घुबडांत ही ग्रंथी तुलनेने लहान असते.

दिवसाची लांबी मोजून जननग्रंथी जागृत करण्याचे काम मात्र प्रामुख्याने पिनिअलचे नाही. ते अधश्चेतकाजवळील प्रकाशग्राही पेशींकडून होते. दिवस लांबला की पोष ग्रंथीच्या वरच्या भागातून अवटू-उत्तेजक संप्रेरक स्रवते. त्यामुळे अधश्चेतकात अवटू संप्रेरकाचे अधिक क्रियाशील रूप तयार होते व जननग्रंथींकडे जाणारी संदेशसाखळी सुरू होते. ही यंत्रणा जपानमधील ताकाशी योशिमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी लाव्यावरील संशोधनातून उलगडली.

थायमस व फॅब्रिशियसची पिशवी

थायमस मानेच्या दोन्ही बाजूंना खंडांच्या माळेसारखा पसरलेला असतो. अवस्करापाशी असणारी फॅब्रिशियसची पिशवी फक्त पक्ष्यांतच आढळते. हे दोन्ही अवयव प्रामुख्याने रोगप्रतिकारसंस्थेचे असल्याने त्यांना शुद्ध अंतःस्रावी ग्रंथी म्हणत नाहीत. मात्र लैंगिक व ताणविषयक संप्रेरकांच्या प्रभावाने ते वयाबरोबर आक्रसतात, म्हणून त्यांचा विचार येथे केला जातो. 'बी' लसिका पेशींच्या नावातील अक्षर या पिशवीच्या 'बर्सा' या नावावरून आले आहे.

तुलनात्मक सारणी

| ग्रंथी | सस्तन प्राणी | पक्षी |
|---|---|---|
| पोष | बहुधा मध्यखंड असतो | मध्यखंड नसतो |
| अवटू | स्वरयंत्राजवळ, खंड बहुधा जोडलेले | मानेच्या मुळाशी, दोन वेगळ्या ग्रंथी |
| कॅल्सिटोनिनचा उगम | अवटूतील पेशी | अल्टिमोब्रँकियल ग्रंथी |
| अधिवृक्क | बाह्यक व मध्यक वेगळे | ऊतके मिसळलेली |
| अंडाशय | बहुधा दोन्ही कार्यक्षम | बहुधा फक्त डावे |
| पिनिअल | डोळ्यांमार्फत प्रकाशज्ञान | थेट प्रकाशसंवेदी |

अहिल्यानगर जिल्ह्यातील ऋतुचक्र व ग्रंथी

अहिल्यानगर जिल्हा सुमारे १९° उत्तर अक्षांशावर आहे. येथे सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. युरोपच्या तुलनेत हा फरक लहान असला तरी अनेक पक्ष्यांच्या ग्रंथी त्यास प्रतिसाद देतात. मात्र केवळ दिवसाची लांबी पुरेशी नसते. विशेषतः पाऊस अनिश्चित असलेल्या या प्रदेशात अन्न व घरट्याचे साहित्य यांची उपलब्धता निर्णायक ठरते.

सुगरण पक्ष्याचे उदाहरण बोलके आहे. उन्हाळ्यात दिवस लांबतो तसा नराला पिवळा रंग चढू लागतो आणि वृषणे वाढतात. प्रत्यक्ष घरटी विणण्यास मात्र पावसानंतरचे हिरवे गवत किंवा उसासारख्या पानांचे लवचिक धागे लागतात, आणि पिल्लांना कीटक लागतात. दिवसाची लांबी ग्रंथींना तयार ठेवते, तर पाऊस नेमका मुहूर्त ठरवतो. पाऊस लांबल्यास विणीचा हंगामही लांबतो.

भोरडी व काळ्या डोक्याचा भारीट हे हिवाळी पाहुणे रब्बी ज्वारीच्या शेतांत थव्यांनी दिसतात. येथे असताना त्यांच्या जननग्रंथी आक्रसलेल्या असतात. वसंतात दिवस वाढू लागल्यावर त्यांची भूक वाढते, त्वचेखाली चरबी साठते आणि रात्री स्थलांतर करणाऱ्या भारीटांत रात्रीची अस्वस्थता दिसू लागते. जननग्रंथींची पूर्ण वाढ व वीण मात्र मध्य व पश्चिम आशियाकडील विणीच्या प्रदेशांत होते. एकाच शेतातील सुगरण आणि भारीट यांच्या ग्रंथी त्याच सूर्यप्रकाशातून असे वेगवेगळे वेळापत्रक पाळतात.

व्यावहारिक महत्त्व

कुक्कुटपालनात अंड्यांवरील कोंबड्यांना नैसर्गिक व कृत्रिम मिळून दिवसाला साधारण १६ तास प्रकाश दिला जातो. हा अधश्चेतक, पोष ग्रंथी आणि अंडाशय या साखळीचाच उपयोग आहे. पूर्ण वाढ होण्याआधी तलंगांना दीर्घ प्रकाश दिल्यास त्या लवकर अंड्यावर येतात, पण अंडी लहान राहतात. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात कोंबड्या धापा टाकतात. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, आहार कमी होतो, अवटूची क्रियाशीलता मंदावते आणि कवच पातळ होते. अशा वेळी सावली, हवा व गार पाणी यांबरोबर संध्याकाळच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा देणे उपयुक्त ठरते, कारण कवच रात्री तयार होते.

वन्य पक्ष्यांच्या संदर्भात हेच ज्ञान संवर्धनाशी जोडलेले आहे. डीडीटीच्या अवशेषांमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये दाखवले. अहिल्यानगर जिल्ह्यात हा विचार माळढोकाच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. १९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक पक्षी अभयारण्यात सोलापूर जिल्ह्याबरोबर या जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदा व नेवासा तालुक्यांतील प्रदेशही होता. अतिशय चिंताजनक स्थितीतील या पक्ष्याची मादी उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडे घालते. त्यामुळे वारंवारच्या त्रासाने वाढलेले कॉर्टिकोस्टेरॉन आणि त्यामुळे सोडलेले घरटे म्हणजे पुष्कळदा त्या हंगामातील संपूर्ण प्रयत्नाची हानी असते.

पक्ष्याला न पकडता त्याच्या विष्ठेतील संप्रेरकांचे अवशेष मोजून ताण व प्रजननस्थिती जाणण्याची पद्धत अशा दुर्मीळ जातींसाठी उपयुक्त आहे. राजस्थानातील संवर्धन प्रजनन केंद्रात २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पिल्लू जन्मले. अशा कामात मादी अंडे केव्हा घालणार आणि नर केव्हा सक्षम असतो, हे ओळखण्यासाठी ग्रंथींच्या ऋतुचक्राचे ज्ञान आवश्यक असते.